नर्सिंगच्या जागा वाढल्या, शिकवणाऱ्या मॅडम कुठून आणायच्या? बारामती-इंदापूरच्या एका आठवड्याचा हिशेब

बारामती / इंदापूर : मुलगी बारावी सायन्स झाली की घरात नर्सिंगचा विषय निघतोच. डॉक्टरकीला मार्क कमी पडले, इंजिनिअरिंगला नोकरीची खात्री नाही, मग नर्सिंगला टाकू. दवाखाने काही बंद पडत नाहीत, पोरगी कुठंही गेली तरी स्वतःच्या पायावर उभी राहील, असा सरळ हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. मग चौकशी सुरू होते. फी किती, होस्टेल आहे का, एसटी थेट जाते का, नोकरी लावून देतात का. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. पोरीला शिकवणार कोण, आणि वॉर्डात पेशंटजवळ तिच्या शेजारी उभं कोण राहणार?

हा प्रश्न फक्त प्रवेश घेणाऱ्या घरांचा नाही. आज शिकणारी मुलगी चार वर्षांनी गावाजवळच्या दवाखान्यात कोणाच्या तरी सुनेचं बीपी मोजणार आहे, कोणाच्या तरी वडिलांना सलाईन लावणार आहे. ती नीट शिकली की नाही, हे त्या दिवशी कळून उपयोग नाही.

खाटा आहेत, पेशंट आहेत

शिकायला लागणारं बरंच काही या भागात आहे. बारामतीत 2019 साली 100 जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं. शहरात सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, महिलांचं सरकारी रुग्णालय आहे, रुईचं ग्रामीण रुग्णालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि भिगवणला ग्रामीण रुग्णालय आहे. त्याखाली दोन्ही तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं. सरकारी मापानं सपाटीच्या भागात 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांना एक उपकेंद्र असतं. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली झाले.

म्हणजे शिकायला पेशंटची कमी नाही. कमी आहे ती शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेची.

जागांचं गणित सोपं, शिक्षकांचं अवघड

केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये देशभर 157 नवीन सरकारी नर्सिंग कॉलेजांना मंजुरी दिली. खर्च 1,570 कोटी रुपये, म्हणजे एका कॉलेजला 10 कोटी. त्यातून दरवर्षी सुमारे 15,700 पदवीधर परिचारिका तयार होतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. गरज खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे 2025 च्या अहवालानुसार 2023 साली जगात 2 कोटी 98 लाख परिचारिका होत्या आणि 58 लाख कमी पडत होत्या.

आता दुसरी बाजू बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार 10 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. 60 जागांचं कॉलेज पूर्ण भरलं की चार वर्षांचे मिळून 240 विद्यार्थी होतात, म्हणजे 24 शिक्षक हवेत. वर्षाला 15,700 विद्यार्थी घेतले तर चार वर्षांत 62,800 होतात. त्यांना शिकवायला 6,280 शिक्षक लागतील, आणि हे फक्त नव्या सरकारी कॉलेजांसाठी.

इमारत दोन वर्षांत उभी राहते. शिक्षक तसा उभा राहत नाही. चार वर्षांची पदवी, मग वॉर्डातला अनुभव, मग ट्यूटर म्हणून सुरुवात. पुढं प्राध्यापक व्हायचं तर आणखी दोन वर्षं एम.एस्सी. आज जागा वाढवल्या तर त्यांना शिकवणारी माणसं दहा वर्षांपूर्वी तयार झालेली असायला हवीत. तशी ती पुरेशी झालेली नाहीत. त्यामुळे ज्या मॅडम आज कामावर आहेत, त्यांच्याच आठवड्यात दोन माणसांचं काम कोंबलं जातं.

सोमवार ते रविवार

खालचा आठवडा कोणा एकीचा नाही. अभ्यासक्रमाचे नियम, या भागातली अंतरं आणि नोकरी करणाऱ्या बाईचं घर हे धरून मांडलेलं ते उदाहरण आहे. मॅडमचं सासर इंदापूर तालुक्यात, नोकरी बारामतीत. नवरा साखर कारखान्यात शिफ्टला. दोन मुलं शाळेत. घरात सासू-सासरे, त्यात सासूबाईंना शुगर. अशी घरं भवानीनगरपासून निमगाव केतकीपर्यंत कुठंही सापडतील.

सोमवार. पहाटे पाचला उठून चार डबे. आठच्या आत वॉर्डात पोचायचं म्हणून सहाची एसटी. रात्रपाळीच्या सिस्टर पेशंटची माहिती दिवसपाळीला सांगतात, तेव्हा विद्यार्थिनी हजर पाहिजेत आणि मॅडमही. मग कोणत्या मुलीकडे कोणता पेशंट ते वाटून द्यायचं. साधं बीपी मोजायला शिकवायचं म्हटलं तरी वेळ लागतो. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेकू द्या, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा, पट्टा दंडाच्या मापाचा घ्या, मोजताना बोलू नका. एका मुलीला हे दाखवून, तिच्याकडून करवून घेऊन, चुकलं तर पुन्हा करवून घ्यायला दहा मिनिटं जातात. दहा मुलींना शंभर मिनिटं.

मंगळवार. दुपारी लेक्चर, नंतर स्किल लॅब. पुतळ्यावर छाती दाबून श्वास देण्याचा सराव. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, 30 दाबांनंतर 2 श्वास. मुली दोन मिनिटांत दमतात. मॅडम आकडे मोजत उभ्या.

बुधवार. प्रसूती वॉर्ड. विद्यार्थिनींना ठरावीक संख्येनं बाळंतपणं आधी बघावी लागतात, मग देखरेखीखाली स्वतः करावी लागतात. त्याची नोंद केस बुकात होते आणि खाली मॅडमची सही लागते. आता बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. दुपारी चारला सुट्टी, पण बाई साडेचारला बाळंत व्हायच्या बेतात. मुलीला सोडून मॅडम निघाल्या तर शिकणं राहिलं. बाळ आल्यावर पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, वार पूर्ण पडली का बघणं, रक्त किती जातंय याकडे डोळा ठेवणं, हे पुस्तकातून येत नाही. तेवढ्यात घरून फोन. धाकट्याला ताप आहे, शाळेतून आणायचंय.

गुरुवार. बारामतीचा आठवडे बाजार, स्टँडवर गर्दी. कॉलेजात अंतर्गत मार्क भरायचे, हजेरीचा तक्ता करायचा. नर्सिंगच्या पदवीला लेक्चरची हजेरी 80 टक्के चालते, पण प्रत्यक्ष वॉर्डातली हजेरी 100 टक्के लागते. ज्या मुलीची राहिली, तिची ती भरून काढून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मॅडमलाही पुन्हा जावं लागतं. परतीच्या वाटेवर भाजी आणि सासूबाईंच्या गोळ्या.

शुक्रवार. गावात पोस्टिंग. मुलींना घेऊन उपकेंद्रात, अंगणवाडीत, आशाताईंबरोबर घरोघरी. लहान मुलाच्या दंडाला पट्टी लावून माप घ्यायचं, 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर मूल तीव्र कुपोषित. गळीत हंगाम असेल तर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जायचं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. तशाच मजूर बायका दरवर्षी आपल्या कारखान्यांच्या हद्दीत येऊन राहतात. त्यांच्याशी कसं बोलायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे मुलींना मॅडमकडे बघूनच कळतं. महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तो दिवस वेगळा.

शनिवार. सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. दवाखाने आणि कॉलेजं त्यात नाहीत. शनिवारी केस प्रेझेंटेशन. मुलगी पेशंटची सगळी माहिती उभी राहून सांगते, मॅडम प्रश्न विचारतात. बॅगेत तीस केस बुकं घेऊन घरी.

रविवार. आठवड्याचे कपडे, दळण, मुलांचा अभ्यास, पाहुणे, कोणाचं तरी लग्न किंवा दहावा. रात्री नऊनंतर केस बुकं उघडतात.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. तेव्हा वारकऱ्यांच्या सेवेला आरोग्य पथकं उभी राहतात. मुलींना यापेक्षा चांगली शाळा नाही. पण त्या आठवड्यातली राहिलेली लेक्चरं पुढच्या आठवड्यात येऊन बसतात.

हिशेब मांडू

वरचा आठवडा तासांत मांडला तर असा होतो. चार दिवस वॉर्डात किंवा गावात पाच-पाच तास, ते 20. लेक्चर 8, स्किल लॅब 4, लेक्चरची तयारी 8. तीस केस बुकं वीस-वीस मिनिटं धरली तर 10. हजेरी, मार्क, ऑनलाइन माहिती भरणं 5. झाले 55 तास. जाण्यायेण्याचे रोज दोन तास, सहा दिवसांचे 12. एकूण 67.

आता घर. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा 88 मिनिटं. बाईचे आठवड्याचे होतात जवळपास 34 तास, पुरुषाचे 10. यात मुलांची आणि आजाऱ्यांची काळजी धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे.

67 आणि 34 मिळून 101. रोज सात तास झोप धरली तर 49. झाले 150. आठवड्यात तास असतात 168. उरले 18, म्हणजे दिवसाला अडीच तास. त्यात जेवण, आंघोळ, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचा दवाखाना आणि स्वतःचं आजारपण. नोकरी करणाऱ्या बाईचं घरकाम सरासरीपेक्षा कमी असेल, असं कोणी म्हणेल. निम्मं धरा. तरीही कुठंतरी काहीतरी कापावं लागणारच.

कापलं काय जातं? डबा चुकत नाही, लेक्चर चुकत नाही, कारण ते दिसतं. कापली जाते ती झोप. त्यानंतर वॉर्डात मुलीशेजारी उभं राहण्याची ती दहा मिनिटं, कारण ती कोणाला दिसत नाहीत.

एक मॅडम, पाच वॉर्ड

दहा मुलींमागे एक शिक्षक असेल तर वरचा आठवडा जड असला तरी निभतो. एका मॅडमकडे तीस मुली आल्या आणि त्या पुरुष वॉर्ड, महिला वॉर्ड, बालरोग, प्रसूती, अपघात अशा पाच ठिकाणी विखुरल्या, तर मॅडम एका वेळी एकाच ठिकाणी असणार. बाकीच्या चार ठिकाणी मुली तिथल्या स्टाफ सिस्टरच्या भरवशावर.

स्टाफ सिस्टरचीही ओढाताणच. परिषदेच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात 3 खाटांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयात 5 खाटांमागे एक असं माप आहे. एका सिस्टरकडे पंधरा-वीस पेशंट असतील तर तिनं पेशंट बघायचे की मुलींना शिकवायचं? मग मुलगी शिकणारी न राहता बिनपगारी हात होते. रिपोर्ट आण, ट्रॉली ने, सगळ्यांचं बीपी लिही. आणि वीस जणांचं बीपी अर्ध्या तासात लिहायचं असेल तर काय होतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. न मोजताच 120/80 लिहिलं जातं.

हे किरकोळ नाही. गरोदर बाईचं बीपी 140/90 च्या वर गेलं तर तो धोक्याचा इशारा असतो. वेळेवर कळलं तर औषध देता येतं, मोठ्या दवाखान्यात पाठवता येतं. कागदावर 120/80 असेल तर ती बाई घरी जाते. झटके आल्यावर गाडी शोधायची वेळ येते.

आता जबाबदारी आणखी वाढली आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली-मुलं उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागतात. ज्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं बीपी-शुगरचे पेशंट तेच तपासतात. शेजारच्या खोलीत डॉक्टर नसतो. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात एकाची चूक दुसरा पकडतो. गावात पकडायला दुसरा कोणी नसतो. म्हणून गावासाठी नर्स तयार करताना शिकवणाऱ्याची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

मॅडम टिकत का नाहीत?

सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार 35,400 रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. खासगी कॉलेजातल्या ट्यूटरला इतका पगार क्वचित मिळतो. त्यामुळे हुशार मुलगी एम.एस्सी. करूनसुद्धा भरतीची जाहिरात निघाली की शिकवणं सोडून वॉर्डात जाते. तिला दोष देता येत नाही. घर चालवायचं असतं.

सरकारी बाजूलाही सगळं आलबेल नाही. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. वेतनातल्या त्रुटी दूर करा आणि कंत्राटी भरती नको, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. शिकणाऱ्या मुलींनी तो संप डोळ्यांनी पाहिला. आपण ज्या कामासाठी चार वर्षं घालतोय, त्यात अकरा महिन्यांची ऑर्डर मिळणार का, ही शंका त्यांच्या मनात बसली असेल तर नवल नाही.

तिसरी वाट परदेशाची. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आखाती देशांची वाट तर जुनीच. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. पण अनुभवी सिस्टर परदेशात, एम.एस्सी. झालेली सरकारी वॉर्डात, मग तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला राहतं कोण? बहुतेक वेळा नुकतीच पदवी झालेली, कालपर्यंत स्वतःच शिकणारी मुलगी. नियमानं वर्षभराच्या अनुभवावर ती ट्यूटर होऊ शकते. ती मेहनती असते, पण तिला वर बघायला अनुभवी माणूस लागतं. तेच नसेल तर एका पिढीची चूक दुसऱ्या पिढीत जाते.

घराचा प्रश्न हा कॉलेजचाही प्रश्न

पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन सुरू झालं. त्या संस्थेनं ससून रुग्णालयात मुलींना, त्यातही विधवांना, परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्या माणसाची शुश्रूषा करायची का, यावरच वाद होता. आज तो वाद संपला. आज घरचेच मुलीला नर्सिंगला घालतात, सून नोकरी करणारी हवी म्हणतात.

बाईनं बाहेर काम करायला समाजानं होकार दिला, पण घरातलं काम वाटून घ्यायला अजून दिलेला नाही. 289 आणि 88 मिनिटांचा फरक तेच सांगतो. जगभर परिचारिकांत सुमारे 85 टक्के महिला आहेत. आपल्याकडे शिकवणाऱ्याही बहुतेक महिलाच. त्यामुळे मॅडमच्या घरी बुधवारी संध्याकाळी भाकरी कोण करतो, हा खासगी प्रश्न राहत नाही. भाकरी करणारं दुसरं कोणी असेल तर मॅडम साडेचारच्या बाळंतपणाला थांबू शकतात. नसेल तर त्यांना चारची गाडी पकडावीच लागते, आणि ती मुलगी एक बाळंतपण कमी शिकते.

कायद्यात सोयी आहेत. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करावी लागते. पण एक शिक्षिका सहा महिने रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, याचं नियोजन आधी झालं नाही तर तिच्या मुली बाकीच्या मॅडममध्ये वाटल्या जातात. मग रजा घेणारीलाच अपराधी वाटायला लागतं, आणि बाकीच्यांची नाराजीही तिच्यावरच निघते. खरी चूक कमी माणसं ठेवणाऱ्याची असते.

कागदावरच्या मॅडम

शिक्षक कमी पडले की दुसरी वाट निघते ती फसवणुकीची. मध्य प्रदेशात हे उघड झालं. तिथं अनेक नर्सिंग कॉलेजांकडे इमारत, रुग्णालय, शिक्षक यांतलं काहीच पुरेसं नसताना मान्यता मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयानं सीबीआयला तपासणी करायला लावली. पुढं मे 2024 मध्ये तपासणी करणाऱ्या सीबीआयच्याच काही अधिकाऱ्यांना, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. या सगळ्यात हजारो मुलांच्या परीक्षा आणि निकाल लांबले. पैसे भरलेल्या घरांना वर्षं गमवावी लागली.

आपल्या भागावर तसा आरोप करायचं कारण नाही. पण धडा घ्यायला हरकत नाही. कागदावर 24 शिक्षक दाखवणं अवघड नसतं. वॉर्डात 24 शिक्षक दिसणं अवघड असतं. 1947 च्या जुन्या कायद्याच्या जागी केंद्रानं 2023 साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्यात संस्थांची तपासणी करून त्यांना दर्जा देणाऱ्या वेगळ्या मंडळाची तरतूद आहे. हा दर्जा ठरवताना खोल्या आणि संगणक मोजण्याबरोबर, सकाळी आठ वाजता वॉर्डात किती शिक्षक उभे आहेत तेही मोजलं, तरच या कायद्याचा गावाला उपयोग.

प्रवेशाआधी हे विचारा

पालकांनी कॉलेज बघायला जाताना पुढच्या गोष्टी विचाराव्यात. विचारायला इंग्रजी लागत नाही आणि लाजायचंही कारण नाही.

1. कोर्स कोणता? एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. चार वर्षांचा. या वर्षीची मान्यता आहे का? बी.एस्सी.ला नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता लागते. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. मान्यतेचा कागद बघायला मागा.

2. एकूण विद्यार्थी किती आणि शिक्षक किती? दहाला एक या मापानं तिथंच भागाकार करा.

3. मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात? तिथं किती खाटा आहेत आणि पेशंट किती असतात? जाण्यायेण्याची गाडी कोणाची?

4. वॉर्डात मुलींबरोबर कॉलेजच्या मॅडम असतात का? किती मुलींमागे एक? हे ऑफिसात विचारा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाही विचारा. उत्तर एकच आलं पाहिजे.

5. गेल्या वर्षभरात किती शिक्षिका सोडून गेल्या? जिथं मॅडम टिकत नाहीत, तिथं शिकवणं टिकत नाही.

पेशंट आणि नातेवाइकांनाही एक गोष्ट करता येते. शिकणारी मुलगी सुई टोचायला आली तर तिला हाकलू नका. तिलाही कुठंतरी शिकायचंच आहे. पण शांतपणे विचारा, "पोरी, मॅडम आहेत का सोबत?" मॅडम असतील तर हात पुढं करा. नसतील तर मॅडमना किंवा सिस्टरना बोलवायला सांगा. हा पेशंटचा हक्क आहे आणि मुलीचीही सोय आहे. हा प्रश्न रोज दहा पेशंटनी विचारला तर वॉर्डात शिक्षक ठेवणं कॉलेजला भाग पडेल.

करायचं काय?

खर्चिक गोष्टी आहेत आणि बिनखर्चाच्याही आहेत. सरकारला नव्या जागा देण्याआधी शिक्षक भरावे लागतील, आणि ते कायमस्वरूपी. खासगी संस्थांना ट्यूटरचा पगार वॉर्डातल्या सिस्टरच्या बरोबरीला आणावा लागेल, नाहीतर शिकवायला कोणी राहणार नाही. रुग्णालयातल्या अनुभवी सिस्टरना शिकवण्याचं काम अधिकृतपणे देऊन त्याचा मोबदला दिला तर दोन्हीकडची ओढाताण कमी होईल. हजेरी आणि मार्क भरण्यासाठी कारकून ठेवला तर मॅडमचे आठवड्याला पाच तास वाचतील. पाच तास म्हणजे बीपी मोजायला शिकणाऱ्या तीस मुली.

आणि घरात? नवऱ्यानं रोज एक तास घरकाम उचललं तर आठवड्याला सात तास होतात. सरकारी योजना नको, जीआर नको, निधी नको. शिफ्टवरून आल्यावर कुकर लावता येतो, मुलाला शाळेतून आणता येतं, आईला दवाखान्यात नेता येतं. बुधवारी दुपारी चारला प्रसूती वॉर्डातून फोन आला, "आज उशीर होईल," तर घरून एकच उत्तर गेलं पाहिजे, "होऊ दे, इकडचं मी बघतो." तेवढ्यानं एक मुलगी नीट शिकेल. पुढं कधीतरी रात्री अडलेली बाई गावाच्या दवाखान्यात येईल, तेव्हा तिथं तीच मुलगी कामावर असेल.